दोन मांजरे आणि कलम सातवे

मांजरे आमच्या घरात कोणत्या अधिकाराने राहत होती, याचा एकही कागद माझ्या दप्तरात नाही. हे आरंभीच नमूद करतो, कारण माझ्या दप्तरात नाही असे फार थोडे आहे. मुरबाडच्या कचेरीसमोर घडवंची मांडून मी तीस वर्षे लोकांचे अर्ज लिहिले, आणि लोकांचे लिहून झाल्यावर स्वतःचे लिहिले. सार्वजनिक विहिरीचा काठ फुटला, त्याबद्दल बोर्डाला सात पत्रे. टपाल सकाळऐवजी दुपारी वाटणाऱ्या पोस्टमनविरुद्ध त्याच्या वरिष्ठांना चार. ती चारही त्याच पोस्टमनने अत्यंत अदबीने माझ्या हातून नेली. प्रत्येकाची नक्कल माझ्याजवळ आहे. मांजरांच्या बाबतीत मात्र मी गाफील राहिलो.

माझी पत्नी वारल्यावर माझी थोरली बहीण, आमची अक्का, शहापूरहून माझ्याकडे आली. ती बालविधवा. सासरी दीर-जावेच्या संसारात तिची अडचण नव्हती आणि गरजही नव्हती. "चार दिवस राहते, तुझी घडी बसली की जाते," असे म्हणून ती बैलगाडीतून उतरली, तेव्हा तिच्या एका हातात कपड्यांचे बोचके होते आणि दुसऱ्या हातात झाकणाची करंडी. करंडीत काय आहे असे मी विचारले. "काय नाय रे, पिलू हाय एक. गाडीत रडत होतं म्हणून झाकलंय." चार दिवसांची मुदत संपून नऊ वर्षे झाली. माझी घडी काही बसली नाही. त्या पिलाची बसली. त्याची भाटी, म्हणजे मोठी मांजरी, झाली, भाटीला बोका झाला, आणि लढाईच्या दिवसांत, जेव्हा तांदळापासून घासलेटापर्यंत प्रत्येक वस्तूवर सरकारी नियंत्रण आले होते, तेव्हा आमच्या घरात दोन प्राणी कोणत्याही नियंत्रणावाचून नांदत होते.

मांजर माणसाळत नाही, ते घराला धरून असते, असे सांगणारे शहाणे मी पुष्कळ ऐकले. त्यांनी आमची भाटी पाहिलेली नव्हती. ती मला धरून होती. मी पाटावर बसलो की ती पाटाच्या डाव्या कोपऱ्यात बसे आणि प्रत्येक घासाला माझ्या कोपरावर पंजा ठेवी; नखे आत घेऊन, अगदी वजनदार गृहस्थाने कचेरीत ओळख दाखवावी तशी. मी तांब्या घेऊन परसाकडे गेलो तर ती मागोमाग येई आणि बाहेर बसून अशा स्वरात ओरडे, की शेजारच्या आळीलाही माझ्या हालचालींची वर्दी मिळावी. पहाटे माझ्या छातीवर उभी राहून ती उपरणे मळे, कणीक मळावी तसे. मी कूस बदलली तर बोका पाठीशी असे. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला मुलगा, आणि मध्ये मी, माझ्याच अंथरुणात भाडेकरू.

दाराचा मुद्दा वेगळाच. बंद दार तिला खपत नसे. ओरडून ओरडून ती दार उघडायला लावी, आणि उघडले की उंबरठ्यावर बसे. बाहेर जाणे नाही, आत येणे नाही. आत आणि बाहेर या दोन्ही जागांवरचा हक्क शाबूत ठेवण्याची ही रीत मी पुढे मोठमोठ्या वकिलांच्या ठायीही पाहिली, पण इतक्या सहजपणे साधलेली कोठेही नाही.

अक्का हे सर्व पाही आणि हसे. जी बाई वैधव्यामुळे स्वतः मासळीला शिवत नव्हती, ती धसईच्या बाजारातून येणाऱ्या माणसांकरवी सुका जवळा मागवी, तो तव्यावर भाजी, आणि त्या वासाने माझ्या तोंडाला पाणी सुटलेले पाहून म्हणे, "तुला पण देऊ का रे, त्यांचं झाल्यावर?" भाटीला ती 'गो' म्हणे, बोक्याला 'रे' म्हणे, यापलीकडे त्यांना नावे नव्हती. मलाही ती 'रे'च म्हणे. म्हणजे घरात 'रे' दोन होते, आणि हाक आली की आधी कोण जाई हे सांगण्याची गरज नाही.

हे सारे मी नऊ वर्षे सोसले. दहाव्या वर्षी मात्र प्रकरण माझ्या धंद्याशी येऊन भिडले. एका शेतकऱ्याच्या बांधाच्या वहिवाटीचा अर्ज मी घरी बसून पक्का लिहिला होता. अर्जदाराचा अंगठा झालेला होता. मी पाणी प्यायला उठलो तेवढ्यात भाटीने दौतीत पाय बुडवून त्या अर्जाच्या समासातून सावकाश फेरी मारली. मला ते कळले ते कचेरीत, पन्नास माणसांसमोर. कारकुनाने कागद उजेडाला धरला.

"काय हो, अर्जदार एकच दाखवलाय आणि निशाण्या पाच. हे बाकीचे कोण? वारस का?"

लोक हसले. शेतकरीही हसला, आणि तेच मला जास्त लागले, कारण अर्ज त्याचा होता. मी घरी आलो, टाक घेतला आणि अक्काला नोटीस लिहिली.

आता येथे माझ्या धंद्याची एक रीत सांगणे भाग आहे. तालुक्याच्या गावी अर्ज लिहिणारे आम्ही तिघे-चौघे. त्यामुळे पुष्कळदा असे होई, की सकाळी वादी माझ्याकडून फिर्याद लिहून नेई आणि दुपारी त्याचाच भाऊबंद प्रतिवादी होऊन तिचे उत्तर, म्हणजे कैफियत, लिहवायला माझ्याचसमोर येऊन बसे. यात कोणाला काही वावगे वाटत नसे. माझा एक नेम होता: फिर्याद मी लिहिली म्हणून कैफियत लुळी लिहायची नाही. ज्याचे लिहायचे त्याची बाजू त्याला स्वतःलाही सुचली नसेल इतकी बळकट करायची. या नेमाचा मला अभिमान होता. त्या अभिमानानेच माझा घात केला.

अक्का पडवीत सुपात तांदूळ निवडत बसली होती. मी समोर उभा राहून घसा साफ केला आणि नोटीस आहे असे सांगितले.

"कोणाची नोटीस रे?"

"माझी."

"कोणाला?"

"तुला."

"मग बोल की. कागद कशाला नाचवतोस?"

"बोललेलं शाबीत होत नाही."

तिने सुपातला एक खडा काढून अंगणात टाकला. "बरं, वाच. भाटीला उठवू का? तिच्याबद्दलच असंल तर तिनं पण ऐकलेलं बरं."

मी वाचले. सदर दोन मांजरे ही नोटीस पावल्यापासून आठ दिवसांचे आत घराबाहेर न काढल्यास खाली सही करणार हे स्वतः ती काढतील, आणि होणाऱ्या परिणामांस आपण जबाबदार राहाल. भाटी ऐकत होती. 'जबाबदार' या शब्दावर तिने जांभई दिली.

"झालं?" अक्का म्हणाली.

"याला तुला उत्तर देता येईल. आठ दिवसांत. लेखी."

"मला मेलीला अक्षर कुठं येतं?"

"मी लिहून देईन."

"तुझ्या नोटिशीला माझं उत्तर तूच लिहिणार?"

"तो माझा धंदा आहे."

ती इतकी हसली की सुपातले तांदूळ हलले. मग डोळे पुसून म्हणाली, "लिही बाबा. तुझा राग तरी कागदावर उतरंल."

मी बसलो आणि लिहिले. आजही ती कैफियत वाचली की लेखकाबद्दल आदर वाटतो. कलम पहिले: सदर मांजरे वादीच्या डोळ्यांसमोर, उघडपणे आणि विनाहरकत नऊ वर्षे घराची वहिवाट करीत आहेत. कलम तिसरे: त्यांच्यामुळे घरातील धान्यास उंदरांचा उपद्रव नाही, याचा लाभ वादी रोज दोन वेळा जेवताना घेतो. कलम पाचवे: वादीच्या दौतीला झाकण नाही, हा दोष वादीचा आहे, मांजरीचा नाही. मला स्वतःलाच या पाचव्या कलमाचा संताप आला, इतके ते बिनतोड होते.

"आणखी काही सांगायचं आहे?" मी विचारले.

अक्काने सुपातला आणखी एक खडा काढला. मग म्हणाली, "तू सकाळी जातोस तो दिवे लागायला येतोस. आल्यावर लिहीत बसतोस. मांजरं गेली तर मी दिवसभर काय भिंतीशी बोलू?"

हे म्हणणे कैफियतीत घालण्याजोगे नव्हते. त्यात दुःख होते, परंतु परिणाम नव्हता. परिणाम नसलेले म्हणणे प्रतिपक्षाला धाक घालत नाही, हे मी शेकडो लोकांना शिकवले होते. म्हणून मी माझ्या अकलेने सातवे कलम लिहिले: सदर मांजरांस घराबाहेर काढल्यास प्रतिवादी हिलाही घराबाहेर काढले असे समजण्यात यावे, आणि प्रतिवादी कायमची आपल्या सासरी शहापूर येथे निघून जाईल.

मी ते वाचून दाखवले. तिचा हात सुपात थांबला.

"असं मी बोलले?"

"शब्द तुझे नाहीत. पण मतलब तोच निघतो. असं लिहिल्याशिवाय जोर येत नाही."

"असं लिहिलं की जोर येतो?"

"येतो."

तिने सातवे कलम पुन्हा वाचायला सांगितले. मी पुन्हा वाचले. तिने अंगठा पुढे केला, मी त्याला शाई लावली, आणि तिने तो कागदावर असा दाबून धरला की ठसा कचेरीत आयुष्यभर पाहिलेल्या कोणत्याही ठशाहून स्वच्छ उमटला.

त्याच आठवड्यात किन्हवलीचा एक तांदळाचा व्यापारी अर्ज लिहवायला आला. त्याच्या कोठारात उंदीर माजले होते आणि तो सरकारला जितक्या शिव्या देत होता त्याहून जास्त उंदरांना देत होता. मी त्याला दोन अनुभवी मांजरे देऊ केली. रीतसर कागद करून दिला: देणार यांचा सदर मांजरांवर यापुढे कोणत्याही प्रकारचा हक्क, संबंध अगर मागणे राहिलेले नाही. त्याचा गाडीवान आठव्या दिवशी सकाळी आला. मांजरे करंडीत घालायला मला उपरण्याचे तुकडे गमवावे लागले. अक्का दारात उभी होती. गाडीवानाच्या हातात तिने भाजलेल्या जवळ्याची पुरचुंडी दिली आणि सांगितले, "काळू नदी उतरताना पाणी बघून भितो बोका. तेवा दे."

मी कचेरीत गेलो. त्या दिवशी माझे अक्षर फार सुरेख आले होते.

संध्याकाळी आलो तर बोचके बांधलेले होते.

"हे काय?"

"सकाळी शहापूरकडं गाडी जातेय. जागा मिळालीय."

"कशासाठी?"

"अंगठा दिलाय मी."

मला हसू आले. मी समजुतीच्या स्वरात सांगितले, की कैफियतीत असे लिहायचेच असते. ते कोणी शब्दशः घेत नाही. कचेरीलाही ते ठाऊक असते.

"म्हंजे तू लोकांच्या अंगठ्यावर खोटं लिहितोस?"

तीस वर्षांत माझ्याशी भांडलेल्या कोणत्याही वकिलाने मला असा प्रश्न विचारला नव्हता. ती म्हणाली, "मला अक्षर येत नाय, पण अंगठा माझा हाय. तू दोनदा वाचलंस, मी दोनदा ऐकलं. पिठलं झाकून ठेवलंय, जेव."

सकाळी ती गेली.

आता मला शांतता मिळायला हवी होती, आणि शांतता भरपूर मिळालीही. दार उघडायला कोणी सांगत नव्हते, ते दिवसभर बंद राही. दौत उघडी टाकली तरी कोणी पाय बुडवत नव्हते. पहाटे छातीवर कोणी नसल्यामुळे मी उशिरा उठू लागलो आणि कचेरीत उशिरा जाऊ लागलो. शेजाऱ्यांनी विचारले, "अक्का कधी येणार?" मी म्हणालो, "ती पाहुणी गेली आहे." नऊ वर्षे आपल्याकडे पाहुणी म्हणून राहिलेली बाई आता स्वतःच्या घरी पाहुणी गेली, हे वाक्य मला स्वतःलाही कोणत्या कोर्टात मांडता आले नसते.

मी पत्र लिहिले. अक्काला वाचता येत नसल्यामुळे ते तिचा दीर ओटीवर बसून मोठ्याने वाचणार, हे मला ठाऊक होते. त्या गृहस्थाचा आवाज खडा, आणि शहापूरचे निम्मे लोक संध्याकाळी त्याच ओटीवर बसत. म्हणून मजकूर जपून घातला: आपण येथून गेल्यामुळे गृहव्यवस्थेत खंड पडला आहे, तरी आपण सोयीनुसार परत यावे. आठवड्याने दिराच्या हातचे कार्ड आले. "वहिनी विचारतात, मांजरे कोठे आहेत?" मी उत्तर लिहिले, त्यात गृहव्यवस्थेचा मुद्दा अधिक विस्ताराने मांडला. पुन्हा कार्ड आले. "वहिनी म्हणतात, विचारलेल्याचे उत्तर मिळाले नाही. कळावे की आमच्या मंडळींचा पाय मोडला असून वहिनींचा मोठा आधार झाला आहे. मागील दारची खोली त्यांच्यासाठी शेणाने सारवून घेतली आहे. आता त्या येथेच राहतील. आपण निश्चिंत असावे."

निश्चिंत असावे. मी ते कार्ड तीन वेळा वाचले. सारवलेली खोली म्हणजे कब्जा. कब्जाला दिवस जात चालले की त्याचा हक्क होतो, हे मला कोणी सांगायला नको होते. अक्का तेथे गरजेची झाली होती. गरजेची झालेली बाई आपण होऊन परत येत नसते.

दुसऱ्या दिवशी घडवंची न मांडता मी किन्हवलीला गेलो.

व्यापारी कोठारासमोर गादीवर बसला होता आणि भाटी त्याच्या मांडीवर होती. मला पाहताच तो उभा राहायला गेला, पण भाटीने नखे काढली म्हणून पुन्हा बसला.

"अहो, या तुमी! तुमचीच वाट बघत होतो. ही तुमची अनुभवी मांजर. एक उंदीर धरील तर शपथ! उंदीर निघाला की माझ्या तोंडाकडं बघते. म्हंजे, मी उठावं."

"आणि बोका?"

"बोका चार दिस पेंढ्याच्या उडवीवर बसला होता. भुकंनं उतरला. आता माज्या बायकोच्या पाठीमागं फिरतो. ती बोलली, ही मांजरं ऱ्हातील न्हायतर मी." तो हसून म्हणाला. मला हसू आले नाही.

"मी त्यांना परत नेण्यासाठी आलो आहे."

त्याने गादीखालून माझाच कागद काढला आणि डोळे मिचकावून बोट ठेवले. "पण तुमचा हक्क नाय, संबंध नाय, मागणं नाय. तुमीच लिवलंय. आता कसं करायचं?"

मी म्हणालो, की कागदाचा लेखक या नात्याने मी तो बेकायदा ठरवतो. तो इतका खूश झाला की करंडी त्याने स्वतः बांधून दिली आणि शहापूरपर्यंत गाडीही दिली. भाटी करंडीच्या फटीतून पंजा काढून सारी वाट माझ्या धोतराचा काठ धरून होती. सोडवून घ्यावा असे मला एकदाही वाटले नाही, हे मी येथे निव्वळ वस्तुस्थिती म्हणून लिहितो.

शहापूरला अक्काच्या दिराच्या ओटीवर नेहमीची मंडळी होती. करंडी उघडल्याबरोबर दोन्ही मांजरे अक्काच्या पदराखाली शिरली. तिने त्यांना चाचपून पाहिले, माणसाचा ताप पाहतात तसे. "सुकलीत रे," एवढेच म्हणाली. माझ्याकडे तिने पाहिले नाही.

मी खिशातून सुलहनामा, म्हणजे तडजोडीचा कागद, काढला. आदली रात्र जागून लिहिला होता. मांजरांना घरात राहण्याचा कायमचा हक्क, भाजलेला जवळा, दौतीला झाकण, सगळी कलमे होती.

"वाच," ती म्हणाली.

मी वाचला.

"मांजरांचं सगळं लिवलंस. मला का न्यायची, ते कुठं हाय?"

"ते त्यात गृहीत आहे."

"गृहीत धरलेलं कचेरीत चालतं?"

"नाही," मी म्हणालो. खोटे बोलणे मला शक्य नव्हते. समोर पंधरा साक्षीदार होते.

"मग जाऊ बरी होईस्तोवर मी हितंच हाय. तिला टाकून येणार नाय. पुढं येईन का, ते तेवा बघू. मांजरं तू ने."

"मी?"

"तुझ्या घरची हायत ना? आता लिवलंस की. सांभाळून दाव."

मी मांजरे घेऊन मुरबाडला परतलो. पुढच्या सहा आठवड्यांत मला जे शिक्षण मिळाले ते कोणत्याही शाळेत मिळत नाही. भाटीला दूध कोमट लागे; कढत असले तर ती भांड्याकडे पाहून माझ्याकडे पाही, गार असले तर भांडेच कलंडून देई. साय वेगळी काढावी लागे, कारण बोका साय खाई आणि दूध पीत नसे. मी कचेरीतून उशिरा आलो तर दोघेही पाठ करून बसत आणि जेवायला येत नसत, जोवर मी जमिनीवर बसून त्यांची समजूत काढीत नसे. मी समजूत काढली. जो माणूस बोर्डाच्या अध्यक्षासमोर वाकला नाही, तो एका बोक्याला "बरं बाबा, चुकलं" म्हणाला. दिवसभर घरी कोणी नसते म्हणून मी दुपारी घरी येऊ लागलो. दुपारचे ते घर मी त्यापूर्वी कधी पाहिलेच नव्हते. ऊन पडवीत येई आणि हळूहळू सरके, आणि कोणी एक शब्द बोलत नसे. नऊ वर्षे ही दुपार अक्काने कशी काढली असेल, ते कळायला मला मांजरांचे चाकर व्हावे लागले.

दर आठवड्याला मी शहापूरला अहवाल पाठवी. दूध, जवळा, तब्येत, वर्तणूक. चौथ्या अहवालात मी शेवटी लिहिले: सदर मांजरे आपली फार आठवण काढतात. दिराचे कार्ड आले: "वहिनी विचारतात, मांजरे की आणखी कोणी?"

त्या कार्डाला मी एका ओळीचे उत्तर लिहिले. ते ओटीवर मोठ्याने वाचले जाणार हे ठाऊक असूनही लिहिले. ती ओळ येथे देता येत नाही, कारण तिची नक्कल मी ठेवली नाही. माझ्या हातचे नक्कल न ठेवलेले ते एकच पत्र. पोस्टमनच्या हातात देताना मी त्याला म्हणालो, "हे आजच जायला हवं." माझ्या तक्रारींची चार पत्रे नेलेल्या त्या माणसाने कार्ड उलटून पाहिले, वाचले, आणि कधी नव्हे तो धावत गेला.

त्यानंतर दोन आठवडे काही आले नाही. कार्डही नाही. मी ठरवून टाकले की सारवलेल्या खोलीचा निकाल लागला.

एका रविवारी, तिसऱ्या प्रहरी, मी ओटीवर बसलो होतो. भाटी मांडीवर झोपली होती आणि बोका तिच्यावर. अंगणाबाहेर बैलगाडी थांबली. अक्का बोचके घेऊन उतरली आणि अंगणातून सरळ चालत आली. भाटीने एक डोळा उघडला, तिला पाहिले आणि मिटला.

"काय गो, वळख नाय?"

मी उठायला लागलो.

"उठू नको. निजलीत ती."

"मी उठणारच होतो."

"दिसतंय," ती म्हणाली आणि मला ओलांडून आत गेली. थोड्या वेळाने आतून झाकणाचा आवाज आला. "दूध कोणी काढून ठेवलंय हे? साय वेगळी?"

"बोक्याला तसंच लागतं."

"कधीपासून?"

"पहिल्यापासूनच असेल. मला आत्ता कळलं. आणि भाटीचं कोमट करायचं. फार नाही."

ती दारात येऊन उभी राहिली. लुगड्याचा पदर अजून प्रवासातलाच खोचलेला होता. तिने मला पाहिले, मांडीवरच्या दोघांना पाहिले, घडवंचीवरच्या झाकण लावलेल्या दौतीकडे पाहिले.

"सगळं तूच करतोस तर मी कशाला आले? मला काय ऱ्हायलंय करायला?"

"माझा चहा," मी म्हणालो.

ती आत गेली. साखर त्या दिवसांत रेशनवर मिळे आणि अक्का ती फार जपून वापरी. त्या दिवशी तिने नेहमीच्या दुप्पट घातली. मी हरकत घेतली नाही.